शाळेतल्या मुलांना प्रिंटमेकिंग, ड्रॉइंग आणि पेस्टल शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या शाळांमधले चित्रकलेचे शिक्षक आणि मुलांचे आईबाबा हे प्रश्न सारखे विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. पाचवी ते दहावीची मुलं डोळ्यासमोर ठेवली आहेत. आधी प्रिंट, मग ड्रॉइंग, मग पेस्टल असा क्रम आहे, पण तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्याच आहेत त्यामुळे मधूनच कुठूनही वाचलंत तरी चालेल.

आमच्या शाळेत प्रेस (ठसा दाबून छापायचं यंत्र) नाही, मग प्रिंटमेकिंग शिकवणार कसं?

प्रेस लागतच नाही. एचिंगला (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा खोदून छापणं) लागतो, लिथोला (दगडावर चित्र काढून छापणं) लागतो, पण शाळेत आपण करतो ते उठावाचं काम, म्हणजे ठशाचा जो भाग वर राहिला त्याला शाई लागते आणि जो कोरून काढला तो कागदावर कोरा राहतो, याला हाताचा दाब पुरतो. घरातला स्टीलचा मोठा डाव किंवा चमचा घ्या आणि त्याच्या पाठीने कागद घासा, मधून सुरू करायचं आणि कडांकडे जायचं, एक इंचही सोडायचा नाही. जपानी चित्रकार होकुसाईची ती समुद्राच्या लाटेची प्रिंट सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते, १८३० च्या आसपासची, तीसुद्धा प्रेसवर छापलेली नाही, बारेन नावाच्या चपट्या गोल साधनाने कागदाच्या पाठीवर घासून काढलेली आहे. मुलांना हे सांगा, चमचा हातात घेताना त्यांना कमीपणा वाटत नाही.

कागद मात्र पातळ हवा. जाड कार्ट्रिज म्हणजे ड्रॉइंगच्या कागदावर चमच्याने घासून हात दुखतात आणि प्रिंट तरी फिकीच येते. पातळ हँडमेड किंवा राइस पेपर म्हणून जो मिळतो तो घ्या, मागून शाई किती उतरली तेही त्यातून दिसतं.

कुठल्या वर्गापासून काय करायचं? एकदम लिनो (ठसा कोरायचा लिनोलियमचा तुकडा) दिला तर चालेल का?

एकदम नको. पाचवीला भेंडी, कांदा, पानं. हे बालवाडीचं काम आहे असं समजून बरेच जण सोडून देतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण शाई किती लावायची, दाब किती द्यायचा, कागद सरकला की काय होतं हे सगळं मूल तिथेच शिकतं आणि एक भेंडी वाया गेली तर कुणाला काही वाटत नाही. सहावीला फोम शीट, क्राफ्टच्या दुकानात मिळते ती, त्यावर रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून रेषा काढायच्या की झाला ठसा. पूर्वी यासाठी थर्माकोलच्या ताटल्या वापरायचे पण त्यांच्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तर तो विषय सोडा. सातवीला कोलाग्राफ: पुठ्ठ्यावर गोणपाट, सुतळी, पॉलिश पेपर, वाळकी पानं चिकटवायची आणि वाळल्यावर वरून फेविकॉलचा एक पातळ हात मारायचा, नाहीतर पुठ्ठा सगळी शाई पिऊन टाकतो. आठवीपासून लिनो.

गाऊज, म्हणजे लिनो कोरायचं हत्यार, मुलांच्या हातात द्यायची भीती वाटते. हात कापला तर?

भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय साधा आहे आणि तो शंभर टक्के पाळायचा. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे, पुढे कधीच नाही. बहुतेक वेळा लागतं ते यामुळेच, एका हाताने लिनो पुढून धरलेला असतो आणि गाऊज सटकून सरळ त्या हातावर जाते. शाळेच्या सुताराकडून बेंच हुक करून घ्या, म्हणजे लाकडी फळी, तिच्या एका टोकाला वरून पट्टी आणि दुसऱ्या टोकाला खालून पट्टी, खालची पट्टी बाकाच्या कडेला अडकते आणि लिनो वरच्या पट्टीला टेकतो, तो पुढे सरकतच नाही. वळणाची रेषा कोरताना मनगट फिरवायचं नाही, लिनो फिरवायचा. आणि बोथट गाऊज धारदारपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. दहा-बारा मुलं कोरायला, बाकीची ड्रॉइंगला, अशी विभागणी करा, पन्नास जणांच्या हातात एकाच वेळी गाऊज द्यायची नाही.

लिनो म्हणजे नक्की काय? मुंबईत मिळतो का?

अळशीचं तेल आणि कॉर्कचा भुसा यांचा थर, खाली तागाचं कापड. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जमिनीवर घालायला म्हणून निघालेली वस्तू आहे ही, चित्रकारांनी नंतर उचलली. व्हिएन्नाला फ्रान्झ चिझेक नावाचे कलाशिक्षक होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांच्या हातात लिनो दिला. मिळतो दादरला आणि फोर्टातल्या आर्ट मटेरियलच्या दुकानांत, फोन करून विचारूनच जा कारण प्रत्येक वेळी स्टॉक असतोच असं नाही. जुना झालेला लिनो कडक होतो आणि कोरताना तुकडे उडतात, तो दहा मिनिटं उन्हात ठेवा, मऊ पडतो.

मुलांना लिनो दाखवायचाच तर चित्रकार चित्तप्रसाद यांचं काम दाखवा. मूळचे बंगालचे, १९४६ च्या सुमारास मुंबईत आले आणि पुढे कितीतरी वर्षं अंधेरीत राहिले. काम करणाऱ्या मुलांवर त्यांनी लिनोकटची मालिका केलीय. त्यातली मुलं आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाची आहेत, आणि फक्त काळ्या-पांढऱ्यात थकलेला चेहरा कसा उभा केलाय हे बघताना वर्ग आपोआप गप्प होतो.

नाव कोरलं ते प्रिंटमध्ये उलटं आलं, आता?

आता नवीन ठसा. पुढच्या वेळी डिझाइन ट्रेसिंग पेपरवर काढा, पेपर पालथा करा आणि मग लिनोवर उतरवा. उजवा हात प्रिंटमध्ये डावा होतो हेही आधीच सांगा, क्रिकेटची चित्रं काढणारी मुलं यावर फार हळहळतात.

प्रिंट काढली तर कधी पांढरे ठिपके येतात, कधी बारीक रेषा बुजतात. चुकतं कुठे?

निम्म्याहून जास्त वेळा रोलिंगमध्ये. काचेचा तुकडा किंवा घरकामातून उरलेली गुळगुळीत टाइल घ्या, त्यावर बोटभर लांब शाई काढा आणि रोलर उभा-आडवा फिरवा, प्रत्येक वेळी उचलून, नुसता मागेपुढे घासून नाही, कारण उचलला नाही तर रोलरची तीच बाजू पुन्हा पुन्हा टेकते. शाई जास्त असते तेव्हा चिकट चटचट आवाज येतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल दिसतो. थर बरोबर झाला की आवाज बारीक होतो, सर्रर्र असा, आणि शाई मखमली दिसायला लागते. मुलांना डोळे मिटून नुसता हा आवाज ऐकायला लावा, बघून कळत नाही ते कानाला लगेच कळतं.

बारीक रेषा बुजल्या म्हणजे शाई जास्त. मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके म्हणजे शाई कमी किंवा घासणं कमी. प्रतिमा दुहेरी आली म्हणजे कागद हलला. नवीन लिनोची पहिली प्रिंट तर जवळपास नेहमीच फिकी असते, दोन-तीन काढल्यावर शाई नीट बसायला लागते, म्हणून पहिल्या प्रूफवरून (चाचणीच्या प्रिंटवरून) मुलाला नाराज होऊ देऊ नका. प्रिंट उचलताना सगळी एकदम नाही, एक कोपरा उचलून बघायचं, कमी वाटलं तर तो कोपरा परत तसाच खाली टेकवून तिथे पुन्हा घासायचं.

कोरलेल्या भागात ज्या छोट्या कडा राहतात त्यांनाही शाई लागते आणि पार्श्वभूमीत तुटक रेघा उमटतात. काही शिक्षक त्या साफ करून घेतात, मी ठेवायला सांगते, हाताने कोरल्याची खूण आहे ती.

शाई कोणती घ्यायची? पावसाळ्यात वाळतच नाही.

शाळेसाठी पाण्यात धुता येणारी ब्लॉक प्रिंटिंगची शाई सगळ्यात सोयीची. ती नसेल तर ॲक्रिलिक चालतं पण ते टाइलवरच सुकायला लागतं, म्हणून रोलिंग करताना पंखा बंद ठेवा आणि रंगात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घाला. पंखा बंद केल्यावर मे महिन्यात वर्गात काय होतं ते माहितीये, तर प्रिंटचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवलेलं बरं. तेलाची शाई सगळ्यात सुंदर छापते, काळा रंग खोल येतो, पण जुलैत ती कितीतरी दिवस ओलसरच राहते. तिची हत्यारं धुवायला रॉकेल नको, आधी खायच्या तेलाने पुसा आणि मग भांड्यांच्या साबणाने, निघते.

प्रिंटखाली ३/१० असं काय लिहितात?

दहा सारख्या प्रिंट्सपैकी ही तिसरी. पेन्सिलने, प्रतिमेच्या खाली डावीकडे आकडा, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही. मुलांना हे लिहायला लावाच, दहा प्रिंट सारख्या काढायची शिस्त त्यातून येते, आणि मित्राबरोबर एकेक बदलायची मजाही यातच आहे, पेंटिंग असं वाटता येत नाही.

आधी ड्रॉइंग पक्कं व्हायला नको का? हात बसल्याशिवाय प्रिंट कशाला?

उलट आहे. मूल पेन्सिलने काढतं तेव्हा सगळ्याला बाह्यरेषा काढतं आणि आत राखाडी घासतं. लिनोवर राखाडी नाहीच, काळं की पांढरं ते ठरवायलाच लागतं: गालावर उजेड आहे की नाही, केस पार्श्वभूमीपासून वेगळे कसे दिसणार. ही सवय लागली की पुन्हा पेन्सिल हातात घेतल्यावर तेच मूल सावल्या वेगळ्या बघतं. म्हणून मी दोन्ही एकत्रच चालवते.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी यातून होते का? परीक्षेत तर प्रिंट विचारत नाहीत.

होते. कला संचालनालयाच्या या परीक्षांमध्ये स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असतं, आणि संकल्पचित्रातला मोटिफ (नक्षीतला एक आकार) रिपीट करायचा म्हणजे काय ते फोमचा एकच ठसा फिरवून फिरवून छापला की हातालाच कळतं. दहावीला जादाचे गुण मिळतात म्हणून पालक इंटरमिजिएटला बसवतात, त्यात गैर काही नाही. फक्त क्लासमध्ये जे चालतं, की स्मरणचित्राचे चार ठरलेले देखावे घोटून घ्यायचे आणि कुठलाही विषय आला तरी त्यातलाच एक बसवायचा, ते करू नका. बाजारावर चित्र काढायचंय तर पोराला दादरच्या फुलबाजारात घेऊन जा आणि अर्धा तास उभं करा.

स्थिरचित्रासाठी एक गोष्ट सांगते, स्टीलचा तांब्या. वर्गातली बहुतेक मुलं तांब्याचं तोंड लंबगोल काढतात आणि बूड मात्र सरळ रेषेत, कारण टेबल सपाट आहे हे त्यांना माहीत असतं. त्यांना उभं राहून बघायला लावा, मग बसून, मग अगदी डोळ्याच्या पातळीवर: तोंडाचा लंबगोल बारीक बारीक होत जातो. बूड डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा खाली, म्हणून त्याचा गोलावा तोंडापेक्षा जास्तच असणार, सरळ तर नाहीच. आणि चकाकी म्हणजे नुसता पांढरा पट्टा नाही, नीट बघा, तांब्याच्या पोटात वर्गाची खिडकी वाकून बसलेली असते, गजांसकट.

पेन्सिल कुठल्या? आणि खोडरबर वापरू द्यायचा का?

एचबी, २बी, ४बी, ६बी एवढ्या भरपूर झाल्या. बारा पेन्सिलींचा डबा घेऊन मूल कुठली वापरू यातच अडकतं. खोडरबर परीक्षेच्या कामाला ठेवा, रोजच्या स्केचला नको. पहिली दहा मिनिटं असा सराव द्या: वस्तूकडे बघायचं, कागदाकडे नाही, आणि डोळा कडेवरून जितक्या हळू सरकतो तितक्याच हळू पेन्सिल. चित्र वेडंवाकडं येतं पण रेषा जिवंत येते. दुसरा सराव प्लॅस्टिकच्या खुर्चीचा, खुर्ची काढायचीच नाही, पायांच्या आणि पाठीच्या मधल्या मोकळ्या जागांचे आकार काढायचे.

मुलगी प्रत्येक वेळी दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी आणि नदीच काढते. राहतो आम्ही भांडुपला.

कारण तिला तेच कुणीतरी शिकवलंय आणि त्याला शाबासकीही मिळालीय. रागावू नका. तिला घराच्या खिडकीपाशी बसवा आणि दिसतं ते काढायला सांगा: ग्रिल, ग्रिलमधल्या कुंड्या, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, एसीच्या डब्यावर बसलेलं कबुतर. सुरुवातीला म्हणेल की यात काढण्यासारखं काय आहे. दोन-तीन वेळा बसली की स्वतःच सांगायला लागेल की सकाळी टाकीची सावली इकडे असते आणि संध्याकाळी तिकडे.

चित्र जरा बिघडलं होतं, मी थोडंसं सुधारून दिलं. चालतं ना?

नाही. याबाबतीत मी फार कडक आहे. मुलाच्या कागदावर मोठ्यांचा हात पडता कामा नये, ना शिक्षकाचा ना आईबाबांचा, प्रदर्शनासाठी नाही, स्पर्धेसाठी नाही, फायनल टच म्हणूनसुद्धा नाही. तुम्ही डोळे नीट काढून देता त्याच क्षणी मुलाला समजतं की आपलं जे होतं ते पुरेसं नव्हतं, आणि पुढच्या वेळी ते स्वतःच कागद घेऊन तुमच्याकडे येतं की एवढं काढून द्या. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळा कागद घ्या, त्यावर दाखवा आणि तो कागद परत घेऊन जा. स्पर्धेत सातवीच्या मुलाचं सफाईदार, चकचकीत चित्र बघितलं की मला लगेच शंका येते, आणि त्या शेजारी एखादं अडखळत काढलेलं खरं चित्र बक्षिसाशिवाय टांगलेलं असतं याचं मनापासून वाईट वाटतं. शाळांनी हे थांबवायला हवं.

प्रिंटचा इथे एक फायदा आहे, कोरलेलं कुणालाच परत भरता येत नाही, त्यामुळे सुधारून द्यायला जागाच नसते.

ऑइल पेस्टल घ्यायचे की सॉफ्ट पेस्टल?

शाळेत ऑइल पेस्टल. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड अगदी थोड्या डिंकाने बांधलेली, ती उडते, खोकला येतो, आणि दम्याचा त्रास असलेलं मूल वर्गात असेल तर वापरूच नका. नववी-दहावीला मोकळ्या हवेत द्या, आणि पूड फुंकायची नाही, कागद उभा धरून मागून टिचकी मारायची, बाक ओल्या फडक्याने पुसायचं. ऑइल पेस्टलमध्ये तेल आणि मेण असतं, धूळ नाही. जपानच्या साकुरा कंपनीने हे १९२५ मध्ये आणले ते मुलांसाठीच, आणि त्यामागे प्रेरणा होती कानाए यामामोतो यांची, ज्यांनी शाळांमध्ये मुलांना नमुने गिरवायला लावण्याविरुद्ध चळवळ चालवली होती. ते स्वतः वुडकट, म्हणजे लाकडी ठसे कोरून छापणारे प्रिंटमेकर होते. म्हणजे मुलाच्या खोक्यातला तो पेस्टल कॉपी करू नका म्हणणाऱ्या माणसामुळे आलाय, आणि आपण त्यानेच देखावे कॉपी करून घेतो.

पेस्टलने चित्र मळकट होतं. काय करू?

काळा आणि पांढरा पहिले काही आठवडे काढून ठेवा. मुलं सावली म्हणून काळा घासतात आणि उजळ करायला पांढरा, मग सगळं चिखल. सावलीला निळा किंवा जांभळा द्या, आणि आधी फिके रंग मग गडद. दुसरं, कागदाचा खरखरीतपणा पहिल्या थरातच बुजवायचा नाही, हलक्या हाताने सुरुवात, एकदा तो भरला की वरचा रंग घसरतो. पांढऱ्याऐवजी करड्या किंवा ब्राऊन कागदावर काम करून बघा, मधला टोन आयताच मिळतो. बोटाने सगळं गुळगुळीत करायची सवयही मोडा, रेघा दिसू देत.

एका तासिकेत होणारा आणि मुलांना आवडणारा एखादा प्रकार सांगा ना.

पस्तीस मिनिटांत हा बसतो. एका कागदावर गडद ऑइल पेस्टल जाड घासायचा, तो कागद कोऱ्या कागदावर पालथा ठेवायचा, आणि पाठीवर बॉलपेनने चित्र काढायचं. उचललं की खालच्या कागदावर रेषा उतरलेली असते, थोडी फुटकी, केसाळ, आजूबाजूला हाताच्या दाबाचे डाग. ड्रॉइंग, पेस्टल आणि प्रिंट एकाच वेळी. पॉल क्ली या चित्रकाराने १९२० च्या दशकात तेलाच्या रंगाने अशाच पद्धतीने रेषा उतरवून वर जलरंग दिलेत, मुलांनीही पातळ जलरंगाचा हात द्यावा, तेलकट रेषा पाणी झटकते आणि तशीच वर राहते.

मार्क कसे द्यायचे?

चित्र किती हुबेहूब यावर नाही. आधीची स्केचेस, बाद झालेली प्रूफं, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगा आणि फोल्डरला मार्क द्या.

मुलांना बघायला कुठे न्यायचं?

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, समोर एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, चालत होणारं आहे. गर्दी मोठी असेल तर आधी फोन करा आणि स्केचिंगची परवानगी विचारा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, म्हणजे १८५७ पासूनची संस्था, तिथलं वार्षिक प्रदर्शन लागलं की मोठ्या मुलांना जरूर न्या, खरा प्रेस आणि लिथोचा दगड बघायला मिळतो का तेही विचारून ठेवा. रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून देवादिकांची चित्रं घराघरांत गेली ती अशाच दगडांवरून, प्रत्येक रंगाला वेगळा दगड.

पावसाळ्यात चित्रं आणि प्रिंट ठेवायच्या कशा?

प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमट हवा अडकते आणि बुरशीचे ठिपके येतात. ऑइल पेस्टल पूर्ण कधीच वाळत नाही, त्यामुळे दोन चित्रांमध्ये बटर पेपर हवाच. सॉफ्ट पेस्टलवर फिक्सेटिव्ह (पूड कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) मारायचं तर बाहेर पॅसेजमध्ये, लांबून, दोन पातळ हात, आणि हे मोठ्यांनीच करायचं. हेअरस्प्रे नको, कागद पिवळा पडतो. भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, बाहेरच्या भिंतीला तर नकोच, आणि उघडीप मिळाली की फोल्डर उघडून पंख्याखाली ठेवा.